हरकत कुठे घ्यायची?

गेल्या पावसाळ्यात एका संगीत शिक्षणसंस्थेकडून माझ्याकडे एक तक्ता आला. संस्थेचं नाव सांगत नाही. माणसं कष्टाळू आहेत आणि हेतूही चांगला आहे. परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी गाण्यातल्या अलंकारांचा छोटासा परिभाषाकोश काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी बडोद्यात उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला, गाणं मात्र जेमतेम शिकलो. त्यामुळे 'मराठीचा रकाना तेवढा नजरेखालून घाला' ही विनंती झेपण्यासारखी वाटली.

तक्त्यात चार रकाने होते. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात एका ओळीची व्याख्या, तिसऱ्यात इंग्रजी प्रतिशब्द आणि चौथ्यात 'सुचवलेला शुद्ध शब्द'. गमक: स्वरांचे कंपन, व्हायब्रेटो. आंदोलन: स्वरांचे संथ कंपन, पुन्हा व्हायब्रेटो. कंप: स्वरांचे कंपन, ट्रेमोलो. मुरकी: जलद स्वरसमूह, ट्रिल. खटका: जलद स्वरसमूह, ट्रिल. हरकत: जलद स्वरसमूह, ट्रिल, आणि चौथ्या रकान्यात 'चलनिका'.

मी फोन लावला आणि म्हटलं, मला हरकत घ्यायची आहे. पलीकडचे गृहस्थ गाणारे असावेत. ते म्हणाले, "घ्या ना सर, कुठल्या स्वरावर?"

आम्ही दोघंही हसलो आणि फोन ठेवल्यावर मी तक्ता पुन्हा वाचायला घेतला. तेव्हा लक्षात आलं की मराठी माणूस हे सगळे शब्द गाण्याबाहेर रोज वापरतो. 'काही हरकत नाही' हे तर आपण श्वासासारखं म्हणतो. गमक वर्तमानपत्राच्या पुरवणीत भेटतं, बहुतेक वेळा यशाचं. आंदोलन कोठीवर, कलेक्टर कचेरीसमोर, तंबू टाकून बसलेलं असतं. खटका बंदुकीला असतो, दिव्याच्या बटणाला असतो आणि दोन जावांमध्ये उडतो. मुरकणारी पोर सगळ्यांनी पाहिलेली असते. शिवाय राजस्थानात कानातल्या लहान बाळीलाही मुरकी म्हणतात. एवढा मोठा गोतावळा असलेल्या शब्दांना तक्त्याने एकेका इंग्रजी खुंटीला टांगून ठेवलं होतं, आणि खुंट्याही तीनच.

हा प्रश्न त्या एका तक्त्यापुरता नाही. गावोगाव मुलं संगीताच्या परीक्षा देतात. लेखी पेपरात 'पुढील संज्ञांच्या व्याख्या लिहा' हा प्रश्न ठरलेला असतो, त्याची उत्तरंही ठरलेली असतात आणि ती आता मोबाइलवर आयती मिळतात. माझ्या भाचीच्या मुलीने दोन ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. 'आता गमक घेऊन दाखव बरं' म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं. तिचा काय दोष? गुण लिहिण्याला होते. माझं म्हणणं असं आहे की अलंकारांच्या शब्दांना एकेक प्रतिशब्द चिकटवून मोकळं होणं थांबवावं, आणि लेखी परीक्षेतून हा व्याख्यांचा प्रश्नच काढून टाकावा. त्या गुणांत मुलांना गाऊन दाखवू द्यावं.

संस्थेचा बचाव मला ठाऊक आहे, कारण त्यांनी तो फोनवर लगेच ऐकवला: 'सर, व्याख्या आमची नाही, शार्ङ्गदेवाची आहे.' खरं आहे. 'स्वरस्य कम्पो गमकः श्रोतृचित्तसुखावहः' हे 'संगीतरत्नाकरा'तलंच आहे. स्वराचा जो कंप ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देतो तो गमक. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या काळात, आपल्या देवगिरीला बसून हे लिहिलं गेलं. पण व्याख्येची ही ओळ घेणाऱ्यांनी पुढची पानं उलटलेली दिसत नाहीत. तिथे शार्ङ्गदेव गमकाचे पंधरा प्रकार सांगतो. हा मनुष्य राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि ते लपत नाही. कंप म्हटल्यावर तो लगेच विचारतो, किती वेगाचा?

सगळ्यात जलद तिरिप, इवल्याशा डमरूच्या नादासारखा, द्रुताच्या (द्रुत, लघु, प्लुत ही तालातली वेळेची मापं) चौथ्या हिश्शाचा. मग स्फुरित, द्रुताच्या तिसऱ्या हिश्शाचा. कंपित अर्ध्या द्रुताचा, लीन एका द्रुताचा, आंदोलित एका लघूचा, प्लावित एका प्लुताचा. दोन द्रुत म्हणजे एक लघु आणि तीन लघु म्हणजे एक प्लुत. पाटीवर मांडून पाहा: तिरिपापासून प्लावितापर्यंत २४ पटींचा फरक पडतो. कुठे डमरूची थरथर आणि कुठे भरतीच्या पाण्यासारखा फुगत येऊन ओसरणारा स्वर! तक्त्याच्या हिशेबी दोन्ही व्हायब्रेटोच.

आणि वेगाचा हिशेब संपला की शार्ङ्गदेव तो हिशेबच सोडून देतो, हे मला फार आवडतं. बाकीचे गमक तो आकारावरून आणि अंगावरून ओळखतो. वलि म्हणजे वळी, सुरकुती. स्वर वाकडातिकडा मुरडत जातो. कुरुल ही वळीच, पण गाठीगाठींची आणि कोवळ्या गळ्याची. संस्कृतात कुरुल म्हणजे केसांची बट, आणि आपल्या 'कुरळ्या' केसांशी या शब्दाचं नातं कानालाच कळतं. आहत म्हणजे पुढच्या स्वराला शिवून परत येणं. हुंफितात हृदयाला भिडणारा हुंकार असतो. नामितात स्वर खाली नमतो. मुद्रित म्हणजे तोंड मिटून घेतलेला गमक, ज्याला आपण गुणगुणणं म्हणू. मराठी वाचकाला मुद्रित म्हटलं की मुद्रितशोधन आठवणार. मीही आयुष्यात बरीच मुद्रितं तपासली, तोंड मिटूनच.

सांगायचा मुद्दा हा की व्याख्या करण्यालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. शार्ङ्गदेवाने व्याख्याच केल्या आहेत आणि त्या घट्ट आहेत. पण त्यातली प्रत्येक व्याख्या गाणाऱ्याला काहीतरी करायला सांगते: एवढ्या वेगाने हलव, पुढच्याला शिवून ये, तोंड मीट, नमव. 'स्वरांचे कंपन' ही व्याख्या काहीच करायला सांगत नाही.

गमक हा शब्दच मुळात 'गम्' धातूचा, जाण्याचा. पार्श्वदेव नावाच्या जैन ग्रंथकाराने गमक सांगितलाय तो असा: स्वर आपल्या श्रुतीच्या (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर) जागेवरून निघून दुसऱ्या श्रुतीची छाया घेतो, तो गमक. म्हणजे जाणं आलं, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडणं आलं. मराठीत आपण 'गमक' म्हणतो ते ज्याच्यावरून दुसरं काही कळतं, ज्याच्याकडून आपण तिकडे जातो, त्या खुणेला. दोन्ही अर्थांचं मूळ एकच. हरकतीचंही तसंच. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. गळ्याची चपळ हालचाल ती गाण्यातली हरकत. दफ्तरात कुणी मध्येच हालचाल केली की काम अडतं, म्हणून तिथली हरकत म्हणजे आधी अडथळा आणि मग आक्षेप. मुलांना ही नाती सांगितली तर शब्द आपोआप लक्षात राहतात. चलनिका कुणाच्या लक्षात राहणार आहे?

आता बडोद्याची गोष्ट, कारण या शब्दांचा गुंता बघायला आमच्या गावासारखं दुसरं गाव नाही. १८८० साली सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं. त्या चिमणाबाईंबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्याला आले. इकडे दरबारात मौलाबख्श होते. ते मूळचे उत्तरेकडचे, पण म्हैसूरला राहून दक्षिणेचं संगीत शिकून आलेले. १८८६ मध्ये त्यांनी गायनशाळा सुरू केली, गाणं कागदावर उतरवायची स्वतःची पद्धत बसवली. तीच गायनशाळा पुढे वाढत आज सुरसागराच्या काठी विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच एका राजवाड्याच्या छपराखाली 'गमक' हा शब्द दोन अर्थांनी वावरत होता. दक्षिणेतल्या माणसाला गमक म्हणजे स्वराचं सगळंच हलणं, झुलणं, घसरणं. त्याच्याकडे गमकाशिवाय स्वर म्हणजे मीठ न घातलेली आमटी. उत्तरेतल्या गायकाला गमक म्हणजे छातीतून जोर लावून, प्रत्येक स्वराला शेजारच्या स्वराचा धक्का देत केलेलं भारदस्त काम.

हा फरक शब्दांचे कीस काढण्यापुरता वाटत असेल तर पेटीपुढे बसा. दक्षिणेची तोडी आणि आपली भैरवी यांच्या पट्ट्या एकच. सात स्वर सरळ वाजवले तर पेटीला त्यांच्यात काही वेगळं दिसत नाही. पण दक्षिणेचा गायक तोडीचा गांधार लावतो तेव्हा तो एका जागी सापडतच नाही. रिषभ आणि मध्यम यांच्यामध्ये तो झुलत असतो आणि त्या झुलण्यालाच गांधार म्हणायचं असतं. झुलणं काढून घेतलं तर त्यांचा राग जातो. तिथे गमक हा दागिना नाहीच, ते अंग आहे. मग 'अलंकार' या मथळ्याखाली तो शब्द घालावा का, इथपासून वादाला सुरुवात होते. तशात आपल्याकडे अलंकार म्हटलं की शिकाऊ मुलाला आठवतात ते 'सारेग, रेगम' असे पलटे. तक्त्याचं नाव 'अलंकार-परिभाषा' आहे आणि त्यात अलंकार हा शब्दच नाही!

घराण्यांत उतरलं तर आणखी मौज. फैयाज खाँसाहेब बडोद्याचे दरबारगायक, इथेच राहिले, १९५० साली इथेच गेले. त्यांच्या नोमतोममधला, म्हणजे 'नोम', 'तोम' अशा अक्षरांवरच्या आलापातला, गमक रेकॉर्डवर ऐका; जमीन हलल्यासारखी वाटते. त्यांच्याआधी तरुण अब्दुल करीम खाँ याच दरबारात होते. त्यांचा रस्ता मिंडेचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) आणि कणाचा (शेजारच्या स्वराच्या ओझरत्या स्पर्शाचा), स्वराला स्वर लागताना सांधा दिसू नये असा. 'मुरकी' हा शब्द दोन्ही घराण्यांत आहे, पण दोघांचा शब्द एक म्हणून गळ्यातली गोष्ट एक असं कसं मानायचं? वादकांची तर वेगळीच भाषा. सतारीवर जमजमा म्हणजे पहिलं बोट पडद्यावर ठेवून मधलं बोट पुढच्या पडद्यावर भराभर आपटणं, तेही एकाच नखीच्या आघातात. टप्पा हा गानप्रकार गाणाऱ्याचा जमजमा गळ्यातून घरंगळतो. गल्लीतून मैदानावर आलं तर अजून एक शब्द. नवरात्रात गरबा गाणारी एखादी बाई ओळीच्या शेवटी सूर जरासा झुलवून सोडते, तेव्हा आमचे गुजराती शेजारी म्हणतात, 'शी हलक छे एना कंठमां!' हलक. मराठीत याला काय म्हणू, हे चाळीस वर्षं शोधतोय. मग आम्हीही हलकच म्हणतो.

बुवांकडे मी तीन वर्षं गाणं शिकायला गेलो. शिकलेलं बरंचसं विसरलो, पण एक दुपार लख्ख आठवते. दरबारीचा कोमल गांधार काही केल्या लागत नव्हता. मी तो धरून ठेवायचो, आणि हलवायला सांगितलं की चळचळा कापवायचो. बुवांनी आत हाक मारली, "अहो, ती कणकेची परात आणा बरं, चार बोटं पाणी घालून." काकूंनी परात आणून सतरंजीवर ठेवली, पण जाताना कोपऱ्यातलं फडकं उचलून उंबऱ्याजवळ ठेवून गेल्या. ते मला तेव्हा कळलं नाही.

बुवांनी परातीच्या काठावर टिचकी मारली. पाण्यावर बारीक लाटांचं जाळं उठलं आणि विरलं. "हा कंप. पाणी जागचं हललं नाही, नुसता काटा आला अंगावर." मग त्यांनी परातीची एक कड बोटभर उचलली आणि हळूच खाली टेकवली. सगळं पाणी त्या बाजूला गेलं, थांबल्यासारखं झालं आणि परत आलं, पुन्हा गेलं, जरा कमी. "हे आंदोलन. किती सावकाश जायचं ते पाणी ठरवतं, तू घाई करून उपयोग नाही. गांधार असा रिषभाच्या बाजूला कलू दे, मग येईल तो परत." आणि तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी परात धरली आणि दणादण हिसके दिले. पाणी उसळून सतरंजीवर, माझ्या पायजम्यावर आणि बुवांच्या धोतरावर सांडलं. आतून काकूंचा आवाज आला, "झालं का गमक? फडकं तिथेच ठेवलंय."

प्रत्येक शिष्याच्या वेळी हे व्हायचं, हे नंतर कळलं. परातीतल्या त्या तीन प्रकारांना तक्त्याने एकच व्याख्या दिली आहे: स्वरांचे कंपन. आंदोलनाला 'संथ' जोडलंय, एवढाच काय तो दिलासा.

आंदोलनाची तर दुहेरी पंचाईत आहे. संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मध्य षड्जाची आंदोलनसंख्या २४० आणि पंचमाची ३६० दिलेली असते. इथे आंदोलन म्हणजे तारेचं सेकंदाला होणारं कंपन. पुढच्याच धड्यात दरबारीचा गांधार आंदोलित असतो, भैरवाचे रिषभ-धैवत आंदोलित असतात, आणि ही आंदोलनं इतकी सावकाश की बोटांवर मोजता येतात. एकाच पेपरात एक शब्द दोन अर्थांनी येतो आणि दोन्ही ठिकाणी उत्तर 'स्वरांचे कंपन' चालतं! पोरांनी गोंधळू नये तर काय करावं. इथे मात्र मी खुशाल म्हणेन की शास्त्रवाल्यांनी आपला शब्द बदलावा. 'कंप्रता' किंवा 'वारंवारता' भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रुळलेले आहेत, ते घ्यावेत आणि आंदोलन गाणाऱ्यांसाठी मोकळं ठेवावं. कोठीवरच्या मंडळींचं काय करायचं ते कलेक्टरसाहेब बघतील.

आता इंग्रजीचा रकाना. तिथे शब्द पक्के असतात, त्यांना बांधलं की आपले शब्दही पक्के होतात, असा एक समज आहे. तो कुठून येतो कळत नाही. १६०२ साली फ्लॉरेन्सच्या जूलिओ काच्चिनीने गाण्यावर पुस्तक छापलं. त्यात त्रिल्लो म्हणजे एकच स्वर गळ्यातून भराभर पुन्हा पुन्हा लावणं. आज ज्याला ट्रिल म्हणतात, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांत झपाट्याने येजा करणं, त्याला तो ग्रुप्पो म्हणतो. शब्द तोच राहिला आणि अर्थ शेजारच्या घरी राहायला गेला. व्हायब्रेटो म्हणजे स्वराची उंची खालीवर होणं. तालमीतल्या पाश्चात्त्य गळ्यात ते सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा होतं. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा जोर कमीजास्त होणं, किंवा गज भराभर फिरवणं. इतकं सरळ असूनही १९५४ मध्ये आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या दांड्याला ट्रेमोलो म्हणतात, आणि तो दांडा करतो व्हायब्रेटो. तिथल्या गिटारवाल्यांतही यावरून खटके उडतात.

ट्रेमोलोशी माझी ओळख मात्र गिटारची नाही, आमच्या दांडिया बाजारातल्या घरच्या पेटीची. पुढच्या बाजूला पाच-सहा खुंट्या होत्या. त्यातली एक ओढली की भात्याच्या वाऱ्याने आत एक पडदी फडफडायची आणि सगळा सूर थरथरायला लागायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची. आजी आरतीला बसली की मी गुपचूप ती खुंटी ओढायचो आणि आजी म्हणायची, "पेटीला हिवताप आणू नकोस." आजीचं निदान अचूक होतं. त्या फडफडीला कुठल्या स्वराकडे जायचं नसतं, कुठल्या श्रुतीची छाया घ्यायची नसते. सगळ्या स्वरांना ती सारखीच थरथर देते. पेटीत मिंड नाही, आंदोलन नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. मला ती बंदी अतिरेकी वाटते, पण तक्रार कशाबद्दल होती ते त्या खुंटीमुळे मला कळतं. तक्त्यातला तिसरा रकाना मला त्या खुंटीसारखा दिसतो.

चौथ्या रकान्याबद्दल फार लिहीत नाही. हरकत, जमजमा, गिटकडी हे 'परके' म्हणून काढून त्यांच्या जागी घडवलेले शब्द घालायचे, हा उद्योग गाण्यात तरी कुणी करू नये. हे गाणं ज्यांच्या गळ्यातून आपल्यापर्यंत आलं त्यांचेच हे शब्द आहेत. शिवाय त्यांच्यात गोष्टी दडलेल्या असतात. जमजमा म्हणजे मूळ अरबी-फारसीत गुणगुण, घुमणारा पुटपुटाट. अठराव्या शतकात लाहोरला ओतलेल्या एका प्रचंड तोफेचं नावही जमजमा. ती अजून लाहोरात उभी आहे आणि अब्दालीच्या सैन्याबरोबर पानिपतावर होती असं सांगतात. एकच शब्द टप्प्यातल्या लाडिक गुंफणीला आणि आपल्या पूर्वजांवर धडाडलेल्या तोफेला! असला शब्द मी हाकलू देणार नाही, पानिपताचा राग धरूनसुद्धा.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला गंभीरपणे घ्यावं लागतं. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्हाला बुवा मिळाले आणि परात मिळाली. आमची मुलं लहान गावांतली. त्यांना गुरू आठवड्यातून एकदा भेटतो, तोही चाळीस मुलांच्या वर्गात. त्यांनी काय करायचं?" याला माझ्याकडे ताडकन उत्तर नव्हतं. उलट त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट मीच सांगतो. 'हे शब्दांत सांगता येत नाही, गुरुमुखातूनच कळतं' या वाक्यामागे पुष्कळ गवयांनी आपला आळस आणि कंजुषीही लपवली आहे. चीज लपवायची, रागाचं चलन लपवायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, विनवण्या करून, चिजा मिळवून छापल्या नसत्या तर माझ्यासारख्याच्या कानावर त्यातल्या निम्म्याही आल्या नसत्या. १९१६ मध्ये याच बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती हे सगळं उजेडात आणायलाच. लिहून ठेवण्याला नावं ठेवणारा मी कोण?

पण भातखंड्यांचं लिहिणं कसं आहे ते पाहू. त्यांच्या लिपीत स्वर कंसात टाकला की तो खटका: (प) म्हणजे धपमप. वरचा स्वर, तो स्वर, खालचा स्वर आणि पुन्हा तो स्वर. कण हवा असेल तर मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात. मिंडेला वर कमान. किती नेमकं! तो कंस पाहून लहान गावातलं मूलही चार स्वर म्हणू शकतं. प्रतिशब्दाऐवजी कृती दिली की हे साधतं. अर्थात धपमप हे चार स्वर झाले. ते झटका देऊन फेकले तर खटका आणि लाडाने वळवून घेतले तर मुरकीच्या वाटेला लागतात, हे कंसात मावत नाही. तिथे कान लागतो. आणि आज कान देणं १९१६ पेक्षा फार सोपं झालं आहे. ज्या मोबाइलवर मुलं आयत्या व्याख्या वाचतात त्याच मोबाइलवर दरबारीचा गांधार पाच गायकांचा ऐकता येतो. कोशातल्या प्रत्येक शब्दापुढे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तीन-चार तुकडे द्या: ख्यालवाल्याचा गमक, धृपदियाचा गमक, दक्षिणेचा गमक. वाद असेल तिथे वाद छापा. 'आग्रा घराण्यात याला असं म्हणतात, सतारिये याच शब्दाने वेगळं समजतात' एवढं लिहिलं तर मुलं बुचकळ्यात पडतील अशी भीती घालतात. आज ती गोंधळलेली नाहीत का?

आणि परीक्षक? त्यांना कामाचा ताण वाढेल हे उघड आहे. लेखी उत्तर तपासायला दहा सेकंद लागतात. एका मुलाचा आंदोलित रिषभ ऐकायला मिनिट जातं, आणि तो नसेल लागला तर का नाही लागला हे सांगायला आणखी दोन. मला तो ताण रास्त वाटतो. रिषभ कसा लागतो तेच जर ऐकायचं नसेल, तर परीक्षा कशाची चालली आहे?

मी तक्ता दुरुस्त करून पाठवला. चौथा रकाना लाल शाईने पूर्ण खोडला. दुसऱ्यात प्रत्येक शब्दापुढे गळ्याने किंवा हाताने काय करायचं ते लिहिलं, जमेल तिथे राग आणि घराण्याच्या उल्लेखासह; मुरकीपुढे तीन अर्थ झाले, गमकापुढे पाच. परातीचा प्रयोगही लिहिला, फडक्यासकट. तिसरा रकाना कोरा सोडला.

आठवड्याने फोन आला. "सर, तिसऱ्या रकान्यात काहीच नाही. छापखानावाला विचारतोय, एवढी जागा रिकामी ठेवायची का?"

जागा म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. मैफलीत आपला मराठी श्रोता मांडीवर थाप मारून जिच्यासाठी 'वा' म्हणतो, 'काय जागा घेतली!' म्हणतो, ती तक्त्यात नव्हतीच. त्यांच्याही नव्हती, माझ्याही नव्हती.

"ठेवा," मी म्हटलं, "आणि ज खाली एक शब्द राहिलाय, तो लिहून घ्या."